दरिया आणि घड्याळ

कळमनुरी, पौष, मंगळवार, १९४१

तपासणीला आलेल्या साहेबांची किळस अजून जात नाही. घरी मराठी बोलणारी माझ्या वर्गातली लेकरं, आणि निजाम सरकारचे हे साहेब हातात घड्याळ धरून उर्दूचा धडा वाचायला लावतात. कोण किती भरभर वाचतं, एवढंच पाहायचं.

वामन धडाधड म्हणत सुटला. धडा त्याला पाठ. पुस्तक भलत्याच पानावर उघडं. साहेबांना कसं दिसणार? नजर घड्याळात. वर शाबासकी दिली.

मग काशिनाथ. 'दरिया' शब्दाशी तो थांबला. "गुर्जी, दर्या म्हंजे समुद्र ना? मग ह्यो आपल्या कयाधू नदीवानी गावाजवळून काहून वाहून राहिला?"

धड्याचा अर्थ लावणारा वर्गात हा एकटा. उर्दूत दरिया म्हणजे नदी, हे मी सांगेपर्यंत घड्याळ पुढं गेलं होतं.

"कमजोर है. नीचे के दर्जे में बिठाओ."

मी म्हणालो, दोघांना अर्थ विचारून बघा.

"मतलब नहीं, रफ्तार देखनी है." शेजारी हेडमास्तर मान डोलवत होते. शी!

संध्याकाळी हेडमास्तरांच्या घरी जाऊन सांगितलं, काशिनाथला मी खाली बसवणार नाही.

"नोकरीवर येईल, मास्तर."

"येऊ द्या," म्हणालो, आणि चहा न घेता उठलो.