चार अंशांवर अडकलेला चार्ट

प्रति,
मा. साठा अधिकारी,
लस भांडार विभाग, मुख्य कार्यालय.

विषय: आपल्या संगणकावरील तापमानाच्या चार्टची लिंक आज दुपारी तीनपूर्वी अपडेट करण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराचे याच आठवड्यातील तीन अर्ज, आपले एक उत्तर.

महोदय,

१. अर्जदार उपकेंद्रातला लसींचा फ्रिज सांभाळते. दिवसातून दोनदा तापमान बघून ते एक्सेल फाईलमध्ये भरते. त्या फाईलमधला चार्ट तिनेच दोन वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयातल्या आपल्या फाईलशी लिंक करून दिला; इथे आकडा बदलला की तिथली रेघ आपोआप बदलावी म्हणून.

२. ती बदलत नाही. आपली फाईल उघडताना इशाऱ्याची पाटी येते आणि लिंक अपडेट करायची का, असे विचारते. आपले मोठे लिपिक रोज 'नको' दाबतात. संगणक बघणारे गृहस्थ तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडताना त्यांना बजावून गेले म्हणे, की इशारा दिसला की नको म्हणायचे. तेव्हापासून चार्ट चार अंशांवर उभा आहे.

३. मागच्या महिन्यात इथे दोन दिवस वीज नव्हती. फ्रिज बंद आणि रिकामा, लसी बर्फाच्या पेट्यांत. चार्ट चारवरच. 'सातत्यपूर्ण तापमान राखल्याबद्दल' आपण अर्जदाराचे लेखी कौतुक केलेत. हे कौतुक बंद फ्रिजचे आहे, असे तिने तेव्हाच कळवले होते.

४. (मागच्या अर्जातून हा परिच्छेद मोठ्या लिपिकांनी काढायला लावला होता. या वेळी ठेवला आहे.) सहा दिवसांपूर्वी रात्रीतून फ्रिज खरोखर बिघडला; सकाळी पेट्यांत हलवण्याआधीच लस तापली होती. आत चौदा अंश आहेत. आठच्या वर लस टिकत नाही. फोन केला तर मोठे लिपिक म्हणाले, "बाई, इथे चार दिसतंय. फ्रिज तापलाय की तुम्ही?" मागे कोणीतरी हसले. साहेब, ते आपण होता. अर्जदाराला आपला आवाज ओळखता येतो.

५. चार्टात बिघाड दिसल्याशिवाय नवा साठा मिळत नाही. आणि काल आपले उत्तर आले: 'चार्ट व मूळ फाईल यांत तफावत आढळते. मूळ फाईल चार्टप्रमाणे दुरुस्त करावी.' म्हणजे चौदाच्या जागी चार लिहायचे. हे वाक्य अर्जदाराने सासूबाईंना वाचून दाखवले. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मग पोराला ताप आला की थर्मामीटर फोडायचं का?"

६. उद्या सकाळी एकशे दहा तान्ह्या मुलांना हीच लस टोचायची आहे. त्यांत अर्जदाराच्या नणंदेची दीड महिन्याची मुलगी आहे. उद्या कोणी म्हणायला नको की लपवले, म्हणून लिहिले. निकामी लस टोचली तरी मूल रडतेच. आई निर्धास्त होऊन घरी जाते आणि कार्डावर शिक्का बसतो.

७. तरी 'अपडेट' हे एक बटण दाबावे. मोठ्या लिपिकांना जमत नसेल तर आपण स्वतः दाबावे, रेघ चौदावर जाताना डोळ्यांनी बघावी आणि लगेच नवा साठा बर्फाच्या पेट्यांतून पाठवावा. तो आला नाही तर उद्या इथे एकही सुई टोचली जाणार नाही. हे आदेशाविरुद्ध आहे, याची अर्जदाराला जाणीव आहे. कारवाईचे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवले तरी चालेल.

आजवर आपली नम्र,
(सही)
फ्रिज सांभाळणारी
१७ मार्च, सकाळी दहा वाजता. फ्रिजमध्ये १४.६.

सोबत:
१) आधीच्या तिन्ही अर्जांच्या प्रती.
२) 'अपडेट' बटण कुठे असते, त्याचे हाताने काढलेले चित्र.
३) फ्रिजची चावी. जोडलेली नाही. मागायला येणाऱ्याने आधी थर्मामीटर स्वतः वाचून, आकडा लिहून, खाली सही करावी.