पहिल्या शेगडीची ओळ

प्रिय श्रीकांत,

मी प्रेमलता, तुझी थोरली बहीण. हल्ली तू माणसं फार लवकर विसरतोस, म्हणून ओळखीपासून सुरुवात. मी सांगतेय, नात यामिनी लिहितेय. मधेमधे माझे शब्द मवाळ करायला बघते, मी करू देत नाही.

गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरात एका शेगडीवर चाळीस जणांचा गणपतीचा प्रसाद मी रांधला. तू वाढपी होतास, अख्ख्या पंगतीला मीठ वाढलंच नाहीस. तेव्हापासून मंडळाच्या दप्तरात ‘पहिली शेगडी : प्रेमलता’ अशी ओळ आहे आणि दरवर्षी शेगडी पेटवायचा मान माझा. गेल्या सोमवारी दुपारी, सेक्रेटरीसाहेब, तुम्ही कम्प्युटरवर तिथे बायकोचं नाव घातलंत. वर जुनं कायमचं जावं म्हणून सफाईचं बटण तीनदा दाबलंत. मालतीला रागावू नकोस. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. यंदा मान मला कसा, असं तिनेच फोन करून विचारलं.

आता ऐक. यामिनीने मला समजावलंय, कम्प्युटरात ओळ बदलली की जुनी लगेच पुसली जात नाही, नवी वेगळी लिहिली जाते. आधीपासून कुणी वाचत बसलं असेल तर त्याला जुनीच दिसते, आणि त्याचं आटपेपर्यंत सफाई तिला हात लावत नाही. शेवटचा माणूस जेवत असताना त्याच्या पुढ्यातली पत्रावळ कुणी उचलतं का? सोमवारी सकाळपासून यामिनी सगळ्या दप्तराची नक्कल काढत होती, पन्नास वर्षांच्या फोटोंसकट. नक्कल काढणं म्हणजे वाचणंच. तिचं काम तुझ्याआधी सुरू झालं, तुझ्यानंतर संपलं. तिच्या नकलेत मी आहे. मागाहून ती ओळ झाडली गेली असेल, जाईना का. छापलेला कागद माझ्या उशीखाली आहे.

हे तुला आधी कळवायचं कारण एवढंच, की तीन रात्री तुला झोप लागू नये. रविवारच्या सभेत मी दोन्ही कागद तुझ्या हातात देणार, आधीचा माझ्या नावाचा आणि नंतरचा मालतीच्या. मला अक्षर येत नाही, सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी मला घरी ठेवून तुला शाळेत घातलं, म्हणून आता मोठ्याने तूच वाचायचं. ओळ कधी बदललीस त्या वेळेसकट. चष्मा घरी राहिला म्हणू नकोस, तुझ्या नंबरचा एक आणून ठेवलाय.

तोवर मालतीच्या हातचे अळूवडीचे उंडे पाठव. नुसते उकडलेले. तळायचं मी बघते.

तुझीच,
अक्का