उष्ण देशातली माणसं

अण्णा, तुमच्याबद्दल सांगताना माझी चूक झाली. वर्गात मी मुलींना म्हणाले, माझा प्रश्न ऐकून माझे वडील हसले. तुम्ही हसला नव्हता. ताटावरून उठला होतात.

तुम्ही मास्तर; दिवसा शाळेत मुलांना उर्दूतून शिकवलेला भूगोल संध्याकाळी जेवताना मला मराठीत सांगायचात. मी तो चुलीपाशी बसून परत म्हणेपर्यंत आईनं तुम्हाला दुसरी भाकरी वाढायची नाही, असा आपला नियम. नद्या झाल्या, बंदरं झाली. मग तो धडा आला: थंड देशातली माणसं उद्योगी, उष्ण देशातली आळशी, हवाच माणूस घडवते. तो तुमचा आवडता. नुसती नावं घोकायचे दिवस गेले, भूगोल आता कारणं सांगतो, शास्त्र झालाय, असं तुम्ही अभिमानानं म्हणायचात. तेव्हा गावात हळद शिजत होती. भर उन्हात कढईपाशी राबणाऱ्या बाया मी दुपारीच बघून आले होते. विचारलं, "मग त्या आळशी काहून न्हाईत?"

आई म्हणाली, "घ्या! द्या आता उत्तर."

तुम्ही भाकरी खाली ठेवता. "पुस्तक लिहिणारे खुळे, अन् तू शहाणी व्हय?" हात धुता. त्यानंतर धडा झालाच नाही. तुम्हाला ताप आला आणि तुम्ही गेलात.

पुढे हैदराबादला कॉलेजात कळलं, की हाच वाद मोठमोठे विद्वान घालताहेत. निसर्ग वाटा दाखवतो, निवड माणूस करतो, असं प्राध्यापक म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. मी मागे वळून पाहिलं, तुम्ही उठून गेलात की काय.

आता मी आपल्या हिंगोलीतच शिकवते. निजामाचं राज्य गेलं, शाळेत मराठी आली, पण भूगोलाचं पुस्तक तेच, तुमच्या धड्याचा तर्जुमा. नकाशा उलगडला की तुमचं खाकरणं ऐकू येतं आणि मी तो धडा पुढे ढकलते. मोठ्या बाई परवा म्हणाल्या, "हवामानाला काय भूत लागलंय का हो? काहून टाळून राहिल्या?" मी हसले. वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया त्याच कढयांवर असतात. आपण आळशी, हे त्या पोरींनी माझ्याकडून पाठ करायचं?

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही. तुम्ही असतात तर माझी हिंमत झाली नसती, आणि तुम्ही नाहीत याचा त्यापुरता मला सुटल्यासारखा आनंद होतो. येत्या सोमवारी, पहिल्या तासाला, तो धडा चूक आहे असं मी वर्गात सांगणार आहे.