रिकाम्या खुर्चीला मत

आई गं, बाबा आता माझ्याकडे राहतात. सिंगापूरला, बिशानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये. घर अकराव्या मजल्यावर आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, गाड्या उभ्या असलेल्या दिसतात. तू गेलीस तेव्हा इथे येण्याचा विचारही माझ्या डोक्यात नव्हता. इथे नळाचं पाणी तसंच प्यायलं तरी चालतं, पण बाबा अजून उकळून गार केलेलंच मागतात. का, ते त्यांना आठवत नाही. हल्ली बरंच आठवत नाही. आत्ता जेवून झोपलेत, म्हणून लिहायला बसले आहे.

आपल्या माळव्यातल्या गावात अध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं आणि बाबांना उभं राहता येईना, म्हणून त्यांनी तुला उभं केलं. तू सह्या करायच्या आणि नगरपालिका त्यांनी चालवायची, असं सगळ्यांनीच धरलं होतं. तूही बहुधा तसंच धरलं होतंस. वर्षभर तसंच चाललं. मग सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तुला भेटायला आले आणि म्हणाले, गावाच्या जुन्या टाकीत गटाराचं पाणी झिरपतंय. दुसऱ्याच दिवशी तू टाकी बंद केलीस, बाबांना न विचारता. ऐन उन्हाळा होता. टँकर एक दिवसाआड यायचे, बायका डोक्यावर पदर घेऊन घागरी रांगेत लावून बसायच्या आणि तुझ्या नावाने बोटं मोडायच्या. टाकीच्या दुरुस्तीचा ठराव तू प्रत्येक बैठकीत मांडलास आणि नगरसेवकांनी प्रत्येक बैठकीत अडवला. पुढे त्यांनीच तुझ्याविरुद्ध सह्या करून कलेक्टरकडे दिल्या. तिकडे कायदाच तसा आहे. लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाला लोकांनीच मत देऊन काढायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक भरलेली खुर्ची आणि एक रिकामी. रिकामीला जास्त मतं पडली की तुझं पद गेलं.

पुढच्या खेपेला तिकीट देऊ, असं कोणीतरी बाबांना सांगितलं होतं. तेवढ्यावर ते रिकाम्या खुर्चीच्या मंचावर जाऊन बसले. ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तू पोळ्या लाटते आहेस, मी भाजते आहे, आणि चौकातल्या भोंग्यातून बाबांचा आवाज येतो. हिंदीत सांगताहेत की ही माझीच बायको आहे, घरात माझं ऐकत नाही, तर गावाचं काय ऐकणार. लोक हसतात, तेही ऐकू येतं. तुझं लाटणं थांबलं. भाषण संपेपर्यंत तू ओट्याला टेकून उभी राहिलीस. मी म्हटलं, आज त्यांना वाढू नकोस. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

“घसा बसलाय त्यांचा,” म्हणालीस. “आलं किसून ठेव, काढा करते.”

आणि ते आले, आणि तो काढा प्यायले. मला त्या दिवशी त्यांच्यापेक्षा तुझाच राग जास्त आला होता.

मतदानाच्या दिवशी तू सकाळीच जाऊन मत देऊन आलीस. माझं अजून मतदानाचं वय झालं नव्हतं. मोजणी संपली तेव्हा ढोल आपल्याच गल्लीत आणून वाजवले. पालिकेची जीप लगेच काढून घेतली होती, म्हणून तू त्या गर्दीतून चालत घरी आलीस. हातपाय धुतलेस, कुकर लावलास. आठवड्याभरात टाकी पुन्हा सुरू झाली, दुरुस्ती न करताच. नळाला हार घातले. तू आम्हाला एवढंच बजावलंस की पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. शेजारीपाजारीही सांगत फिरलीस, पण पद गेल्यावर बाई असं बोलणारच, म्हणून लोकांनी सोडून दिलं.

पावसाळ्यात कावीळ आली. समोरच्या काकूंची सून गेली. सातवा महिना होता तिला. आपण दोघी भेटायला गेलो तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी रिकाम्या खुर्चीला मत दिलं होतं, हे त्यांनीच तुला तोंडावर सांगितलेलं होतं. त्या दिवशी तुझा हात धरून म्हणाल्या, “तू आम्हाला अडवलं का नाहीस गं?”

बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, “मी अडवलं होतं ना?” मी हो म्हटलं. रस्ता ओलांडेपर्यंत तू तेच पुन्हा विचारलंस. त्यानंतर तू नळावर, बाजारात, कुठेच जायची नाहीस. बाबांना तिकीट मिळालंच नाही. तू गेलीस तेव्हा नगरपालिकेतून कोणी आलं नाही, आणि बाबांनी त्या भाषणाबद्दल ना तुझ्याजवळ कधी शब्द काढला, ना माझ्याजवळ. माझं मात्र ठरलेलं होतं. एक दिवस चारचौघांत त्यांच्या तोंडावर मी हे सगळं सांगणार होते.

काल त्यांना घेऊन खाली गेले. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत एक चिनी अंकल रोज बसलेले असतात, पूर्वी बस चालवायचे. मी किराणा घेऊन परत येईपर्यंत बाबा तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यांना तुझ्याबद्दल सांगत होते. माझी बायको मेयर होती, पूर्ण पाच वर्षं होती, शेवटच्या दिवशी गावाने तिला हार घालून घरी पोचवलं. खोटं बोलत होते की त्यांना आता खरंच तसं आठवतं, मला कळलं नाही. अंकल माझ्याकडे वळले.

“वा, योर मदर सो पॉवरफुल आह? फुल फाइव्ह इयर्स?”

बाबा माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत भीती नव्हती, नुसती वाट बघणं होतं. सांगायचं ते सगळं माझ्या ओठांवर होतं.

“येस अंकल,” मी म्हटलं. “फुल फाइव्ह इयर्स.”

वर येताना लिफ्टमध्ये मी स्वतःला सांगत होते की म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं. पण हे कागद कुठे जायचे नाहीत, तर तुला खरं सांगते, आई. त्यांच्यासाठी नव्हतं ते. मला ते ऐकायला फार बरं वाटलं होतं.