जांभळ्या काठाचा वाल

समुद्रपूरजवळून,
१३ मे २०२४

तीर्थरूप ताईस,
धाकट्या रूपरावाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं इकडे मजेत आहोत, तुझी खुशाली कळव. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवर आलेलं वाचणं तुला पटत नाही, म्हणून हा कागद. सारा जन्म टेलिफोन खात्यात खांबावर चढून लोकांची बोलणी जोडून दिली, आणि सख्ख्या बहिणीशी बोलायला मला पोस्टाच्या पेटीपर्यंत सायकल मारावी लागते. खात्याने निवृत्तीच्या दिवशी शाल दिली तेव्हा हे सांगितलं नव्हतं.

बातमी अशी, की अक्षय तृतीयेपासून आम्ही बाजार बंद केला. या दोन एकरांत जे पिकेल तेच खायचं, विकतचं फक्त मीठ. चहापत्तीला सूट मोहिनीने दुसऱ्या दिवशी सकाळी दिली आणि गुळाला मी संध्याकाळी. आता आणखी कशालाही सूट द्यायची नाही असं दोघांनी ठरवलं आहे. गोबरगॅसही बसवला, पण गाय एकच असल्यामुळे चहा उकळायच्या बेताला येतो आणि ज्योत मान टाकते. मग उरलेला चहा चुलीवर होतो.

गाईचं म्हणशील तर ती बाईमाणसालाच दूध देते. मोहिनीचा हात मुरगळला तेव्हा मी तिचं जुनं पातळ डोक्यावरून घेऊन धारेला बसलो. तेवढ्यात शेजारच्या शेतातले बंडूजी रस्त्याने चालले होते, ते मला रामराम वहिनी म्हणाले. गाय बुजू नये म्हणून मी पदराआडून नुसती मान हलवली. पुढे गेल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं, बहुतेक मिशी दिसली असावी.

आता मुद्द्याचं. आदेश तुला जुलैत पुण्याला नेणार आणि नालवाडीचं घर भाड्याने देणार असं त्याने मला सांगितलं. भाचा गुणी आहे, वर्षालीही सून म्हणून मायाळू आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ताई, पुणं फार लांब आहे. तू इथे ये. पडवीत तुझ्यासाठी बाज टाकून ठेवली आहे. सगळं सुरळीत चाललं आहे, तुला काडीला हात लावू देणार नाही. आयतं ताट, आयतं पाणी, नुसतं बसून राहायचं. मला लहानपणापासून ओळखणारं तुझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही, म्हणून एवढं लिहितो.

लोभ असावा. कमी पडल्यास इकडे शेणखत भरपूर आहे.

तुझा,
रूपराव


नालवाडी,
२६ मे २०२४

चि. रूपरावास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गाईचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचला आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या आनंदाबाईला वाटलं, कानापाठोपाठ आता माझं डोकंही गेलं. गाय दूध देते ती तुझ्या कलेवर खूश होऊन नाही, दया येऊन देते, हे लक्षात ठेव.

येण्याचं मात्र जमेल असं दिसत नाही. राग मानू नकोस. आदेश म्हणतो, आठव्या मजल्यावर गॅलरीत माझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे. तू म्हणतोस, पडवीत बाज टाकली आहे. तुम्हा मामा-भाच्यांना मला बसवून ठेवायची भारी हौस. बसायचंच आहे तर लेकाच्या घरी बसते, नातवंडाचं तोंड तरी दिसेल. तुमचं सारं सुरळीत आहे, माझ्यावाचून तिथे काय अडलं आहे? पुण्याला तरी कुठे काय अडलं आहे म्हणा. वर्षालीकडे पोळ्यांनासुद्धा बाई येते.

जीव अडकतो तो परसात. म्हणून आज सकाळी बंडूजींजवळ एक गाठोडं दिलं. डोळे तपासायला वर्ध्याला आले होते, ते जाता जाता भेटायला आले. त्यांची गाडी सुटत होती, चिठ्ठी लिहायला सवड मिळाली नाही, आणि तोंडी निरोप दिला असता तर गाडीभर झाला असता. त्यात आईच्या जांभळ्या काठाच्या वालाचं बी आहे. लग्न होऊन आले तेव्हा आईने ओटीत घातलं होतं. तेव्हापासून दर साली लावते आणि दर साली धरते. दुसऱ्या कोणाकडे हा वाल मी पाहिला नाही. भाडेकरूच्या भरवशावर तो सोडवत नाही, आणि गॅलरीत वेल कुठे चढवणार? सगळं बी तुझ्या हवाली करते.

कीड लागू नये म्हणून ते राखेत घोळवलं आहे. राख झाडू नकोस, पाण्याचा हात लावू नकोस. पाऊस नीट लागला की मांडवाच्या पायाशी बोटभर खोल टोबायचं आणि रोज सकाळी बघायचं. हे एवढं केलंस, की पुण्याला मी निवांत बसेन.

मोहिनीच्या हाताला हळदीचा लेप लाव. माया आहेच, तिला पत्रात लिहून दाखवायला लागू नये.

तुझी,
जयवंताताई


समुद्रपूरजवळून,
३१ मे २०२४

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलं नाही, पण तुझा खाऊ पोचला. बंडूजींनी गाठोडं हातात देऊन ताईनं दिलं एवढंच सांगितलं. धाकटा भाऊ उपाशी मरेल ही काळजी तुला शंभर कोसांवरूनही वाटली असती, नालवाडी तर जवळच आहे.

काय वाल आहेत ताई! तुझ्या चुलीतली राख गाठोड्यात सांडली होती, वय झालं की असं व्हायचंच, मी मनावर घेतलं नाही. चांगले चार-पाच पाण्यांनी चोळून धुतले, रात्रभर भिजवले, मोड आणले. मोहिनीने घरच्या लसणाची आणि ओव्याची फोडणी देऊन उसळ केली. तुझ्या नऊवारीच्या तुकड्यात बांधून काय आणलं ते कळावं म्हणून बंडूजींनाही वाटीभर चाखवली. आमच्या बाजारबंदीत एवढं चवदार जेवण अजून झालं नव्हतं. मागे काही ठेवलं नाही, दोन दिवसांत पातेलं चाटूनपुसून साफ.

एक नवल सांगतो. पहिला घास घेतला आणि एकाएकी आईची आठवण आली. तिच्या हातची चव इतक्या वर्षांनी कशी आली ते कळलं नाही.

आणखी असतील तर पाठव. या वेळी राख जरा झटकून पाठव. लोभ असावा, वालासकट.

तुझा,
रूपराव


समुद्रपूरजवळून,
४ जून २०२४

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं.

मोहिनीने पत्र माझ्या हातून घेऊन वाचलं आणि रिकामं गाठोडं उलटून झटकलं. “आता ताईले कोन्तं तोंड दाखवू मी,” एवढंच म्हणाली. तिचं तरी तोंड आहे, मी तर राख झटकून पाठव असं लिहून बसलो आहे. ते पत्र पोस्टातून परत मिळतं का म्हणून चौकशीला गेलो. पोस्टमास्तर म्हणाले, ते कालच गेलं. आमची टपालसेवा नको तेव्हा वेळेवर चालते.

घराचा कोपरान् कोपरा शोधला. पातेल्याखाली, उकिरड्यात, गाठोड्याच्या शिवणीत. धुतलेलं पाणी टाकलं होतं तिथे एक दाणा रुजला असेल अशी आशा होती, तिथे कोंबडी उकरत होती. ताई, तू जन्मभर जपलेलं बी मी दोन जेवणांत संपवलं आणि वर ढेकर दिला. माझ्यासारखा दिवा दुसऱ्या कोणाच्या घरात लागू नये.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सगळंच लिहितो. सुरळीत चाललं आहे हे मी खोटं लिहिलं. तुरीला ऊन न दाखवता कोठीत भरली, ती सोंडे किड्यांनी पोखरली. डाळ नाही म्हणून तर वाल पाहून आम्ही तुटून पडलो. जवसाचं बी कुठलं आणि खायचं कुठलं ते मिसळलं. मिरचीची रोपं मेली, का ते माहीत नाही. रोज कोहळं खातो. कोहळ्याची भाजी, कोहळ्याचं भरीत, काल मोहिनीने कोहळ्याच्या सालींची चटणी केली. पुस्तकं वाचून आणि मोबाइलवर बघून आम्ही शेतकरी झालो, पण समोर बघून सांगायला माणूस लागतं हे त्यात कोणी सांगितलं नाही.

तुला ये म्हणायचा माझा हक्क आता गेला. आदेशकडे जा, तिथे तुझं काही कोणी शिजवून खाणार नाही. फक्त माझ्याशी बोलणं टाकू नकोस. तू रागावून का होईना, लिही.

लोभ मागायला जीभ रेटत नाही.

तुझा अपराधी,
रूपराव


नालवाडी,
१९ जून २०२४

चि. रूपराव आणि चि. सौ. मोहिनी यांस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उसळीचं आधी आलं. ते वाचून मी पायरीवर बसले ती उन्हं कलेपर्यंत. चूल पेटवली नाही. खोटं कशाला सांगू, तुला इतक्या शिव्या दिल्या की मला ऐकू येत नाही ते बरं झालं. वय माझं झालं की तुझं, हे समोर आल्यावर विचारीन.

मग दुसरं आलं. ते वाचता वाचता सोंड्यांपाशी मी थांबले. तूर ऊन न दाखवता भरली? जवस मिसळलं? मिरचीच्या मुळाशी ओलं शेण टाकलं असशील, दुसरं कारण नाही. मी पदर खोचून उठलेच होते, मग ध्यानात आलं की तुझी मिरची तिकडे आहे. माझं मलाच हसू आलं. किती दिवसांनी मला असं उठावंसं वाटलं म्हणून सांगू?

आदेश सामान बांधायला आला होता, त्याला दोन्ही पत्रं वाचायला दिली. तो कागदावर लिहून विचारू लागला, की मामाकडे गॅस धड नाही, जेवायला कोहळं, तिथे तुला कसला आराम. मी त्याला सांगितलं, “तिथं आराम नाई रे बाप्पा. पण तुह्या घरी माह्याबिगर सारं चालते, अन् तिथं काईच चालत नाई.” तो थोडा हिरमुसला. मग जवसाचा मजकूर पुन्हा वाचून हसला. ३० तारखेच्या रविवारी तोच मला तुमच्याकडे आणून सोडतो. दिवाळीत पुण्याला जाईन, त्याच्या खुर्चीत चार दिवस बसून येईन.

आता बियाचं. बी देताना मडकं कधी खरवडायचं नाही, मूठभर आपल्याकडे ठेवायचं, ही आईची रीत. तुला सगळं दिलं असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं. एक मूठ ठेवली होती. पुण्याला कुंडीत लावणार होते. आठव्या मजल्यावर वेल चढवायला निघाले होते बघ मी, तुलाच वेडा म्हणून काय उपयोग. आज ती मूठ बाहेर काढली आणि तिला सांगितलं, की तुझं नशीब फिरलं.

या वेळी बी कोणाच्या हाती देत नाही, पदराला बांधून आणते. मी येईपर्यंत मांडव घाला, चुलीतली राख फेकू नका, आणि मिरचीच्या वाफ्यात दोघांपैकी कोणीही पाऊल टाकू नका. पडवीतली बाज काढून टाक, तिथे मला तूर वाळवायची आहे.

माझा लोभ तुमच्यापाशी ठेवला आहे. तो तरी शिजवून खाऊ नका.

तुमची,
जयवंताताई