काल कुठे जेवलात?

प्रिय बकासुरा,

तुझी युक्ती अजून चालते. इथे चांगलं जेवण कुठे मिळतं, असं लॉजवाल्याला विचारलं असतं तर त्याने मला चौकातल्या झगमगाटी हॉटेलात पाठवलं असतं. तिथे त्याचा मेहुणा तरी असणार, नाहीतर कमिशन. म्हणून तू शिकवलंस तसं विचारलं, की तुम्ही स्वतः काल कुठे जेवलात? बिचारा गडबडला. मग हळूच म्हणाला, लाकडाच्या वखारीमागे एका बाईंची खानावळ आहे, पण तिथे बायका फारशा जात नाहीत. मी म्हटलं, माझ्या पोटाला ते कुठे माहीत आहे?

बाकीच्या खुणाही पटल्या. हात धुवायच्या नळाची तोटी वापरून वापरून चकाकलेली. फळ्यावर जेमतेम तीन पदार्थ. आणि टेबलावरची मिठाची वाटी काठोकाठ भरलेली, म्हणजे वरून मीठ घ्यायची वेळ कुणावर येत नाही. वजनकाटे दुरुस्त करत गावोगाव हिंडणारा तू, घरी आलास की कामाचं राहू दे, आधी कुठे काय खाल्लंस तेच सांगत बसायचास, आणि ऐकूनच पोट भरलं म्हणायची आई. तू येईनासा झालास तेव्हापासून तिचा एकच प्रश्न, "कुठे जेवत असेल गं तो?" पाच वर्षं झाली. आधी वाटायचं, बायको गेली, घर खायला उठतंय याला, जरा फिरेल आणि येईल. मग तुझा फोनही लागेना. शर्टांना काजं करता करता मी फाटकाकडे बघायची, तेही सोडलं. आई आता अंथरुणावरच असते. दोन चमचे मऊ भात खाते आणि तिसरा तुझ्यासाठी ठेवायला सांगते. हसू नकोस, खरंच सांगते.

या गावात मी काही जेवायला आले नव्हते. पोलिसांनी बोलावलं होतं. कालव्यात एक माणूस सापडला. त्याच्या कोटाच्या आत कापडाची पट्टी शिवलेली, तिच्यावर आपल्या घरचा पत्ता. दर खानावळीच्या खुंटीवर कोट विसरून यायचास म्हणून मीच शिवली होती ती, निळ्या दोऱ्याने. मी काय शाळकरी पोर आहे का, म्हणून तू दिवसभर फुगून बसला होतास. शवागारात चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पाण्याने ओळखण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. उंची तुझी, कोट तुझा, टाके माझे. मी तिथल्याच पायरीवर बसून रडले. तुझ्यासाठी जेवढं रडायचं होतं तेवढं सगळं रडून घेतलं. सही घेणारा कारकून निघून गेला होता, उद्या दुपारी या म्हणाले. आणि मग पोटात कावळे ओरडायला लागले. फार लाज वाटली. पण भाऊ गेला तरी भूक थोडीच जाते? वाटलं, निदान आज तुझ्या पद्धतीने जेवावं.

रस्सा इतका चांगला होता की मला पुन्हा रडू फुटलं. मालकीणबाई शेजारी येऊन बसल्या. भाऊ गेला, वजनकाट्यांची कामं करायचा, एवढंच मी सांगितलं. त्यांनी गल्ल्याजवळच्या काट्याकडे बोट दाखवलं. तो सरळ करून देणारे काटेवाले रोज संध्याकाळी इथेच जेवतात म्हणे. स्वयंपाकघराकडे तोंड करून बसतात, पहिला घास डोळे मिटून खातात. फार मोठ्या मनाचा माणूस. वखारीच्या ओट्यावर एक जण कुडकुडत झोपायचा, त्याला यांनी अंगातला कोट काढून दिला. तो माणूस हल्ली दिसत नाही. काटेवाले मात्र कालही जेवून गेले. माझ्या जिवात जीव आला. हातही न धुता मी उठले आणि विचारलं, राहतात कुठे ते, त्यांच्या घरचं कुणी भेटेल का? बाई म्हणाल्या, "घरचं कोण असणार हो त्यांना? आई केव्हाच वारली, म्हणतात. मागेपुढे कुणीच नाही."

मी पुन्हा खाली बसले आणि हा कागद मागून घेतला. आईला काय सांगू मी? तू जिवंत आहेस, रोज पोटभर जेवतोस आणि तिला मेली म्हणतोस, हे? त्यापेक्षा तू गेलास, हे तिला सोपं जाईल. पत्र बाई तुला संध्याकाळी देतील, जेवण झाल्यावरच द्या असं सांगितलंय. आपलं नातं मी त्यांना सांगितलेलं नाही. मी इथे तुझ्यासाठी थांबत नाही, ओढून नेलेलं माणूस घरात टिकत नाही. उद्या दुपारी मी शवागाराच्या दारात असेन. तू आलास तर दोघं मिळून सांगू, की हा आमचा नव्हे, आणि मिळेल त्या गाडीने घरी जाऊ. नाही आलास तर मी सही करीन, की हा माझा भाऊ. खोटी सही आहे, कळतं मला. त्याचीही कुठे बहीण असेल, ती वाट बघत राहील आणि ते पाप माझ्या माथी. पण तिच्या वाटचं मी आधीच रडले आहे. आईला सांगीन, शेवटपर्यंत चांगल्या ठिकाणी जेवत होता. तेवढं तरी खरं आहे.

उद्या दुपारपर्यंत तुझीच,
ताई