रॅम्पचं माझ्यावर सोडा

३ फेब्रुवारी
आई हॉस्पिटलमधून घरी आली. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टर म्हणाले, व्हीलचेअर आता बरेच महिने. कदाचित कायमचीच. पोर्चमधून घरात यायला तीन पायऱ्या. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी आईला खुर्चीसकट उचलून वर ठेवलं आणि निघून गेले. उतरायचं कसं, हा त्यांचा प्रश्न नव्हता.
जेवताना जाहीर केलं, रॅम्पचं माझ्यावर सोडा. कारखान्यात खरेदी विभाग मी सांभाळतो. तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणीसुद्धा घेत नाही. आठवड्यात काम फत्ते.
बायकोने ताटात आणखी एक पोळी वाढली. विश्वास.

५ फेब्रुवारी
फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. वय लहान, आवाज मोठा. म्हणाल्या, पायऱ्यांची जेवढे इंच उंची तेवढे फूट रॅम्पची लांबी. मागून खुर्ची धरणारं कुणी असेल तर थोडी कमी चालेल. मग पोर्चकडे बोट दाखवून म्हणाल्या, इथे सरळ बसेल की. गाडी तेवढी रस्त्यावर लावा.
सूचनेची नोंद घेतली. बाहेरच्या माणसाला सगळं सोपं वाटतं. गाडी नवी आहे. रस्त्यावर ऊन, धूळ, कबुतरं. शिवाय हा तांत्रिक विषय आहे, त्यात गाडी मध्ये आणू नये.

७ फेब्रुवारी
अभ्यास सुरू. बरीच माहितीपत्रकं गोळा केली.
समोर राहणाऱ्या काकू आईच्या जुन्या मैत्रीण. पडायच्या आधी आई रोज संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात बसायची. मध्ये फक्त रस्ता. आता काकूंच्या गुडघ्यांना आमच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि आईच्या खुर्चीला त्या उतरवत नाहीत. म्हणून दोघी आपापल्या खिडकीत बसून फोनवर बोलतात. एकमेकींना दिसतात, बोलता बोलता हातही हलवतात. म्हटलं, सोय तर उत्तम झाली की. आईने पडदा ओढून घेतला.
आज कळलं, काकूंनी घर विकलं. पंचवीस तारखेला लेकीकडे कायमच्या जाणार. आईला त्याआधी त्यांच्याकडे जायचंय. म्हणजे आता मुदत ठरली. मुदत असली की माझं काम जास्त खुलतं.

१० फेब्रुवारी
नवी कल्पना. मागचं दार! फक्त स्वयंपाकघरातला फ्रिज हलवावा लागेल. बायको म्हणाली, फ्रिज हलतो तर गाडी का नाही हलत, तिला तर चाकंही आहेत. असल्या तुलना खरेदी विभागात चालत नाहीत.
शिवाय मागून निघून काकूंकडे जायचं तर सगळ्या वस्तीला वळसा. त्यात तोटा असा नाही, आईला हवा मिळाली असती. पण प्रस्ताव बारगळला. घरचा पाठिंबा कमी पडतोय.

१३ फेब्रुवारी
यश जवळ आलं. दुकानातून घडीचा रॅम्प ट्रायलसाठी आणला. सुटकेससारखा मिटतो. पायऱ्या आणि गाडी यांच्या मधल्या जागेत अगदी मापात बसला. उतार किंचित तीव्र वाटला, पण आईचं वजनच किती.
तिला लगेच बसवणं बेजबाबदारपणा. आधी खुर्चीत रद्दीचे गठ्ठे बांधले आणि खुर्ची सोडली.
निष्कर्ष: रॅम्प मजबूत. खुर्चीही मजबूत. बंपर तितका नाही.
आई दारातून बघत होती. म्हणाली, मी बसले असते तर उद्याच्या पेपरात आले असते.

१५ फेब्रुवारी
गाडी गॅरेजला. पोर्च रिकामं. मॅडमनी ते नेमकं पाहिलं आणि म्हणाल्या, बघा, केवढी जागा आहे. बायकोने मान डोलावली. दोघींचं हल्ली फार जमतं.
संध्याकाळी गाडी परत आली. बरं झालं. पोर्च भकास दिसत होतं.
तयार रॅम्पचा विचार सोडला. आता हायड्रॉलिक लिफ्ट. बटण दाबलं की आई खाली. कंपनीला ईमेल केला.

१८ फेब्रुवारी
कंपनीचं उत्तर आलं. लिफ्ट मिळेल, जून अखेर. जूनमध्ये का होईना, वस्तू दर्जेदार असेल. आईला ही चांगली बातमी द्यायला गेलो.
ती खिडकीत होती. समोर काकूंचं कपाट आवरणं चाललेलं. आई सांगत होती, हिला एकटीला कपाट आवरता येत नाही. मी बसते, ती एकेक काढून दाखवते. मी टाक म्हणते, ती ठेवते. दर वेळी असंच.
मग म्हणाली, उचलून नेशील का रे मला? म्हटलं, नेलं असतं, पण माझी कंबर. त्यातून पडलो तर दोन खुर्च्या लागतील. हसेल असं वाटलं होतं.
खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आपल्याला रॅम्प का हवाय, ते आहे ना लक्षात तुझ्या?"
आहे की. सुरक्षितता, टिकाऊपणा, विक्रीनंतरची सेवा. पण मी तोंड उघडेपर्यंत तिने डोळे मिटले. दमली असावी.

२० फेब्रुवारी
आज जरा झोप कमी झाली. उपाय मात्र सापडला. हॉलची खिडकी! तिचे गज काढायचे आणि बाजूच्या बोळात रॅम्प सोडायचा. खिडकी जमिनीपासून जरा उंच आहे, पण ती नंतरची गोष्ट.
बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, आता नाचणारा खिडकीतून निघालाय. आणि गाडीची किल्ली कुठे असते, असं विचारलं. दुसरी किल्ली कपाटात आहे, सांगितलं. गाडीत तिला रस वाटू लागलाय, हे चांगलं लक्षण.

२३ फेब्रुवारी
काकूंच्या दारात खोकी रचलेली. आई आज फोनवर फारसं बोलली नाही. दोघी नुसत्या बसून होत्या, फोन कानाला लावून.
काळजी नको. उद्या पुनर्वसन साधनांचं मोठं प्रदर्शन आहे. रजा टाकली. सगळ्या कंपन्या एका छताखाली. उद्या निर्णय घेऊनच घरी येणार.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
प्रदर्शन उत्कृष्ट. चहा मोफत. निर्णय घेतलाच होता, पण शेवटच्या स्टॉलवर आणखी एक मॉडेल दिसल्याने दोन पर्याय उरले.
परतलो तर गाडी रस्त्यावर, झाडाखाली. टपावर कबुतरांनी कामाला सुरुवात केलेली. पोर्चमध्ये पायऱ्यांपासून थेट गेटपर्यंत एक लांबलचक रॅम्प. साधा, राखाडी. मॅडमच्या ओळखीच्या दुकानातून भाड्याने आणलेला. गाडी बायकोने काढली. बसवायला चहा उकळेपर्यंतचाही वेळ लागला नाही म्हणे. मी नव्हतो म्हणून चर्चा झाली नसणार.
माहितीपत्रकांची पिशवी घेऊन समोर गेलो. आई काकूंच्या व्हरांड्यात. काकू खोक्यातून एकेक वस्तू काढून दाखवत होत्या. कान तुटलेला कप. आई म्हणाली, टाक. काकूंनी तो कागदात गुंडाळून परत खोक्यात ठेवला. दोघी इतक्या हसल्या की काकूंना खांबाला धरावं लागलं.
मी दोन पर्यायांबद्दल सांगायला लागलो. आईने ऐकून घेतलं.
"तुझं ठरलं की सांग," ती म्हणाली. "घाई नाही. तोवर मी यावरून जाते-येते."

२५ फेब्रुवारी
काकू गेल्या. टॅक्सी आली तेव्हा आईने मला हाक मारली, खुर्ची धर म्हणून. पहिल्यांदाच धरली. उतार इतका सौम्य की काही धरलंय असं वाटेना. रॅम्पच्या जोडावर खुर्चीला बारीक हिसका बसतो, हे लक्षात आलं. बोललो नाही.
काकूंनी टॅक्सीच्या खिडकीतून आईचा हात धरला आणि ड्रायव्हरने दोनदा विचारलं तरी सोडला नाही. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. मी ब्रेक घट्ट धरून उभा होतो.
टॅक्सी वळली तरी आई तिथेच. आत नेऊ का विचारलं. म्हणाली, थांब जरा, ऊन चांगलं आहे. मग दोघं रस्त्यातच थांबलो. गाडीच्या टपाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. बऱ्यापैकी जमलं.

२८ फेब्रुवारी
आई आता रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जाते. मी धरतो. तिकडे ती नव्या लोकांशी बोलते आणि मला गप्प राहायला सांगते.
रॅम्प भाड्यावरच ठेवायचा की कायमचा घ्यायचा, हा प्रश्न उरतोच. आज जेवताना सांगितलं, सर्व बाजूंनी विचार करून रविवारपर्यंत कळवतो. तुलनात्मक तक्ताही करायला घेतलाय.
बायको म्हणाली, कालच विकत घेतला, आणि पाणी देता का जरा.
दिलं.